कोळंबीचे दात मोजणारा डॉक्टर

आल्फ्रेड विल्यम अल्कॉक यांचा जन्म २३ जून १८५९ रोजी मुंबईत झाला. वडील जहाजावरचे कप्तान. पुढे कुटुंब इंग्लंडला परतले आणि आल्फ्रेड लंडनच्या चांगल्या शाळेत शिकू लागले. पण १८७६ मध्ये वडिलांना पैशाचा मोठा फटका बसला. सतरा वर्षांच्या या मुलाला शाळेतून काढले आणि केरळातल्या वायनाडला कॉफीचे मळे असणाऱ्या नातेवाइकांकडे पाठवून दिले.

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात अल्कॉक यांचे नाव रोनाल्ड रॉस किंवा पॅट्रिक मॅन्सन यांच्याइतके घेतले जात नाही. समुद्रजीवांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र ते चांगले ठाऊक आहे. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि अंदमानच्या खोल पाण्यातल्या कोळंब्या, शेवंडी आणि खेकडे यांची पहिली नीट ओळख करून देणाऱ्यांत ते अग्रभागी होते. ते शिकलेले डॉक्टर होते. डॉक्टर असल्यामुळेच ते समुद्रावर गेले आणि समुद्रावर जे शिकले ते अखेर वैद्यकाच्याच कामी आले, म्हणून आरोग्याच्या या स्तंभात त्यांची गोष्ट.

वायनाडच्या जंगलात हा मुलगा भरपूर भटकला. पण तिथला कॉफीचा धंदा बसत चालला होता. मग कोलकात्यात एका अडत्याच्या कचेरीत नोकरी, तीही कचेरी बंद पडल्याने गेली. १८७८ ते १८८० ही दोन वर्षे त्यांनी पुरुलियात आसामच्या चहामळ्यांसाठी मजूर भरती करण्याचे काम केले. त्या काळातल्या मजूरभरतीबद्दल जे वाचायला मिळते ते पाहता हे काम कुणालाही अभिमान वाटावा असे नव्हते. तिथेच एका परिचिताने जाताना मागे ठेवलेले मायकेल फॉस्टर यांचे शरीरक्रियाशास्त्राचे पुस्तक त्यांच्या हाती पडले. आजही आपल्याकडे अकरावी-बारावीत कुणी चांगले पुस्तक हातात दिल्याने वाट बदललेली मुले असतात, तसेच झाले. मग प्राणिशास्त्राची पुस्तके मिळवणे सुरू झाले. पुढे दार्जिलिंगच्या एका शाळेत मास्तरकी केली आणि १८८१ मध्ये, बाविसाव्या वर्षी, स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन विद्यापीठात वैद्यकीचा विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला. १८८५ मध्ये पदवी घेऊन ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. सुरुवातीची वर्षे वायव्य सरहद्दीवर शीख आणि पंजाबी पलटणींचे डॉक्टर म्हणून गेली.

१८८८ मध्ये त्यांना एक विचित्र पद मिळाले. ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाच्या सरकारी जहाजावर सर्जन-नॅचरलिस्ट, म्हणजे एकाच माणसाने खलाशांची दुखणीही पाहायची आणि समुद्रातून निघालेल्या प्राण्यांचा अभ्यासही करायचा. सरकारने एका पगारात दोन माणसे मिळवली, असे एखाद्या सरकारी डॉक्टरला वाटले तर नवल नाही. ही आगबोट १८८१ साली मुंबईच्या गोदीत बांधलेली. लाकडी, वाफेवर चालणारी आणि बाजूला मोठी चाके असलेली. तिचे मुख्य काम किनाऱ्याचे नकाशे करणे आणि पाण्याची खोली मोजणे. खोल समुद्रात जाळे टाकायला मिळायचे ते मधल्या वेळात, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना. पावसाळ्यात सर्वेक्षण बंद. तेव्हा डॉक्टर स्पिरिटच्या बरण्यांतले नमुने घेऊन कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये बसत.

खोल समुद्रात जीवसृष्टी आहे की नाही, यावर त्याआधी काही दशके वादच होता. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगभर फिरून तो मिटवला. पण ‘चॅलेंजर’ हिंदी महासागराच्या दक्षिण भागातून निघून गेले, अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात ते आलेच नाही. आपल्या दारातला समुद्र तसाच राहिला होता. तो ‘इन्व्हेस्टिगेटर’च्या वाट्याला आला.

पाण्याची खोली मोजायला आपल्याकडे वाव हे माप आहे. दोन्ही हात पसरल्यावर जेवढे होते तेवढे, साधारण सहा फूट. इंग्रजी फॅदमही तेवढाच. पाचशे वाव म्हणजे सुमारे ९०० मीटर. एवढ्या खोलीवर लोखंडी चौकटीला बांधलेले पिशवीसारखे जाळे पोलादी तारेने सोडायचे, तळावरून थोडा वेळ ओढायचे आणि वाफेच्या यंत्राने वर घ्यायचे. यात कित्येक तास जातात. कधी तार गुंतते, कधी जाळे चिखलाने भरून फाटते, कधी ते रिकामेच वर येते. जे येते ते बहुधा मरायला टेकलेले असते, कारण तळाचे पाणी बर्फासारखे थंड आणि वरचे कोमट. स्पिरिटमध्ये टाकले की रंग उडतो. म्हणून रंग, डोळे, हालचाल, जे काही पाहायचे ते डेकवर, लगेच पाहून टिपून ठेवावे लागे.

अल्कॉक यांनी टिपलेल्या गोष्टींपैकी एक मला फार आवडते. अंदमान समुद्रातून हेटेरोकार्पस गटातल्या काही मोठ्या कोळंब्या जिवंत वर आल्या. त्या बादलीत सोडल्यावर त्यांच्या तोंडाजवळून निळसर प्रकाशाचे ढग पाण्यात पसरू लागले. उजेड इतका, की बादलीतले सगळे स्पष्ट दिसावे. काजव्यासारखा अंगात चमकणारा दिवा हा नव्हे, हा बाहेर सोडलेला प्रकाश. माकुल जशी शत्रूच्या तोंडावर काळी शाई सोडते, तशी ही कोळंबी काळोखात प्रकाश सोडते आणि शत्रू गोंधळला की निसटते, असे आज मानले जाते.

खोल पाण्यातल्या बऱ्याच कोळंब्या गडद लाल असतात. जिथे उजेडच नाही तिथे रंग कशाला, असा प्रश्न पडेल. सूर्यप्रकाशातला लाल भाग पाण्याच्या वरच्या थरातच शोषला जातो. खाली लाल रंग परावर्तित व्हायला काही उरत नाही आणि लाल प्राणी काळा दिसतो, म्हणजे दिसतच नाही. डोळ्यांचीही तीच तऱ्हा. काहींचे डोळे प्रचंड मोठे, तर काहींचे जवळजवळ नाहीसे झालेले. नेफ्रॉप्सिस स्टिवर्टी ही छोटी शेवंड अंदमानजवळ १८७२ मध्ये सापडली होती. तिचे वर्णन इंडियन म्युझियमचे जेम्स वुड-मेसन यांनी केले. तिचे डोळे नावालाच आहेत. अशा अनेक प्राण्यांची अंडी मोजकी पण मोठी असतात. किनाऱ्याजवळची कोळंबी लाखांनी अंडी सोडते आणि नशिबावर हवाला ठेवते. खाली अन्न कमी, म्हणून तिथे पिल्लू चांगले वाढूनच बाहेर पडलेले बरे.

आणखी एक पाहुणा जाळ्यात आला होता, बॅथिनोमस. कुंडीखाली ओल्या मातीत राहणारा आणि हात लावला की गोळी होऊन बसणारा किडा आपण पाहिलेला असतो. त्याचा हा समुद्रातला नातेवाईक, पण वीतभराहून मोठा. त्याची पहिली नोंद १८७९ मध्ये मेक्सिकोच्या आखातातून फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फोन्स मिल्न-एडवर्ड्स यांनी केली होती. तसाच प्राणी बंगालच्या उपसागरातही आहे, हे ‘इन्व्हेस्टिगेटर’ने दाखवून दिले.

डॉक्टरी नजर त्यांना सोडत नव्हती. ओडिशाच्या किनाऱ्याजवळ पिल्ले घालणाऱ्या पाकट माशांची त्यांनी चिरफाड केली. मादीच्या गर्भाशयात लांब तंतूंची दाट झालर असते, त्यातून दुधासारखा पौष्टिक द्रव स्रवतो आणि ते तंतू पिल्लाच्या डोक्यावरच्या छिद्रांतून थेट आत जातात. वार नसतानाही आई पिल्लाला पोटात पाजते, हे त्यांनी आणि वुड-मेसन यांनी मिळून सविस्तर लिहिले.

आता नवीन प्रजाती ओळखायची म्हणजे नेमके काय करायचे? लोकांना वाटते, विचित्र प्राणी सापडला की झाले. खरे काम त्यानंतर सुरू होते. कोळंबीच्या डोक्यावर पुढे आलेली करवतीसारखी चोच असते. तिच्यावर वरून किती दात, खालून किती, हे मोजायचे. कितव्या पायाला नांगी आहे, कोणता पाय कोणत्यापेक्षा लांब, कल्ले किती आणि कुठे, शेपटीच्या टोकाला काटे किती, हे पाहायचे. नर, मादी आणि पिल्लू यांच्यात फरक असतो, त्याला प्रजातीतला फरक समजायचे नाही. मग जगभर आजवर लिहिल्या गेलेल्या जवळच्या प्रत्येक प्रजातीशी तुलना करायची. इतके करून वेगळेपण टिकले, तर नाव द्यायचे, चित्र काढायचे, छापायचे. ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो बरणीत जपून ठेवायचा, म्हणजे शंभर वर्षांनीही कुणाला शंका आली तर तो काढून पाहता येतो.

आम्ही राईचे लोक. मुर्धा, राई, मोर्वा, पलीकडे उत्तन, आजूबाजूला मिठागरे आणि खाडी. इथल्या कोळणीला करंदी, जवळा आणि कोळंबी यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. टोपलीत हात घालताच पांढरी कोळंबी एकीकडे आणि टायगर दुसरीकडे जाते. चिंबोरी नर की मादी, भरलेली की पोकळ, हे ती उलटी करून एका नजरेत सांगते. अल्कॉक यांचे काम मुळात हेच. फरक इतकाच, की कोळणीचे ज्ञान तिच्या हातात आणि डोळ्यांत राहते, यांना ते असे लिहावे लागले की, ज्याने समुद्र पाहिलेला नाही त्यालाही ओळख पटावी.

१८९३ मध्ये वुड-मेसन यांचे निधन झाले आणि अल्कॉक इंडियन म्युझियमचे प्रमुख झाले. कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात ते प्राणिशास्त्रही शिकवत. मधे १८९५ मध्ये पामीरच्या सीमा-आयोगाबरोबर निसर्गअभ्यासक म्हणून जाऊन आले. म्युझियमच्या या वर्षांत त्यांची मोठी ग्रंथनिर्मिती झाली. भारतातल्या खेकड्यांवरची लेखमाला १८९५ ते १९०० या काळात, खोल समुद्रातल्या खेकड्यांवरचे पुस्तक १८९९ मध्ये आणि खोल समुद्रातल्या कोळंब्या-शेवंडींची वर्णनात्मक सूची १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९०२ मध्ये सामान्य वाचकांसाठी लिहिलेले जहाजावरच्या दिवसांचे पुस्तक आले. ते आजही गोडीने वाचता येते. या ग्रंथांबरोबर निघालेल्या चित्रांच्या पाट्या पाहाव्यात अशा आहेत. पायावरचा केस न् केस दाखवणारी ती चित्रे काढली ए. सी. चौधरी आणि एस. सी. मोंडल या भारतीय चित्रकारांनी. कोपऱ्यात बारीक अक्षरात त्यांची नावे असतात. शास्त्रज्ञाच्या कीर्तीत त्यांचा वाटा मोठा आहे, पण त्यांची चरित्रे कुणी लिहिली नाहीत.

मग एका डॉक्टरने आयुष्याची इतकी वर्षे कोळंबीचे दात मोजण्यात का घालवावीत? रोग्यांना त्याचा काय उपयोग? हा प्रश्न त्या काळीही विचारला जात असणार. उत्तर अल्कॉक यांच्या आधी त्याच जहाजावर असलेल्या डॉक्टरच्या कामात सापडते. जॉर्ज मायकेल जेम्स जाइल्स हे त्यांचे नाव. तेही इंडियन मेडिकल सर्व्हिसचे. बंगालच्या उपसागरातल्या बारीक कवचधारी जीवांवर त्यांनी लिहिले होते. पुढे आसामात काळा आजाराच्या चौकशीला गेले तेव्हा ते चुकले. तो रोग आकडीकृमींमुळे होतो, असा अहवाल त्यांनी १८९० मध्ये दिला. त्या भागात जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात आकडीकृमी होते, रोग्याच्याही आणि धडधाकट माणसाच्याही. खरा जंतू लाइशमन आणि डोनोव्हन यांनी १९०३ मध्ये दाखवला.

दरम्यान रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. कोणत्या डासाच्या? हे रॉसना नीट सांगता येत नव्हते. ठिपकेदार पंखांचा डास, तपकिरी डास, असे ते लिहीत. भारतातल्या डासांची ओळख पटवणारे पुस्तकच तेव्हा नव्हते. ते १९०० मध्ये लिहिले जाइल्स यांनी. समुद्रातल्या जीवांचे पाय आणि काटे मोजायची सवय डासांच्या मिशा आणि पंखांवरचे खवले मोजायला उपयोगी पडली. १९०१ मध्ये त्यांनी एका साध्या दिसणाऱ्या डासाचे वर्णन करून त्याला ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीज हे नाव दिले. बसण्याच्या ढबीवरून तो निरुपद्रवी वाटतो, म्हणून असे नाव. भारताच्या ग्रामीण भागातला हिवताप आजही मुख्यतः हाच डास पसरवतो. त्याच वर्षी लिस्टन या आणखी एका लष्करी डॉक्टरने आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या एलिचपूरला, म्हणजे अचलपूरला, डासांचा अभ्यास करून ॲनॉफिलीस स्टीफेन्सी वेगळा ओळखला. गच्चीवरच्या उघड्या टाक्या, बांधकामावर साचलेले पाणी ही त्याची घरे. मुंबई, ठाणे आणि आमच्या मीरा-भाईंदरमधला शहरी हिवताप याच्याच कृपेने आहे. २०१२ मध्ये तो आफ्रिकेत जिबूतीला सापडला आणि त्यानंतर तिथे हिवताप झपाट्याने वाढला. खेड्यातल्या डबक्यांवर बेतलेले उपाय शहरातल्या टाकीत वाढणाऱ्या डासाला लागू पडत नाहीत, हे तिथल्या यंत्रणेला नव्याने शिकावे लागत आहे.

कोळंबी आणि डास यांचे नाते कसले, असे वाटेल. दोघेही संधिपाद, म्हणजे सांधे असलेल्या पायांचे आणि बाहेरून कवच असलेले. नाते इतके जवळचे, की कोळंबीची ॲलर्जी असलेल्या काही लोकांना घरातल्या धुळीतल्या माइट्सचीही असते, कारण दोघांच्या स्नायूंत जवळजवळ सारखेच प्रथिन आहे.

शिवाय रोग पसरवण्यात खुद्द कवचधारी प्राणीही मागे नाहीत. आमच्या पिढीने नारूचे रोगी पाहिलेल्या ज्येष्ठ डॉक्टरांकडून त्या रोगाची वर्णने ऐकली आहेत. पायातून हातभर लांब दोऱ्यासारखी जंत काडीवर गुंडाळत दिवसेंदिवस ओढून काढायची. तो रोग पाण्यातून येई, पण पाण्यात नेमके काय? सायक्लॉप्स, टाचणीच्या टोकाएवढा, कोळंबीच्या गोतातला जीव. नारूची पिल्ले त्याच्या पोटात वाढतात, हे रशियन संशोधक फेदचेन्को यांनी १८७० च्या सुमारास ओळखले. एकदा हे कळले की औषध नसतानाही उपाय सोपा. पायऱ्यांच्या विहिरींत उतरणे बंद करायचे आणि पाणी कापडाने गाळायचे. भारत २००० मध्ये नारूमुक्त जाहीर झाला, तो अशा साध्या उपायांच्या बळावर.

गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचेही तसेच. अल्कॉक यांनी भारतातल्या अशा खेकड्यांची सूची केली, ती १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. ईशान्य भारतात ओढ्यातले खेकडे कच्चे किंवा अर्धवट भाजून खाण्याची पद्धत आहे. त्यांतून फुप्फुसात जाणारा एक चपटा कृमी खोकला आणि थुंकीतून रक्त आणतो. लक्षणे हुबेहूब क्षयाची. कित्येक रोग्यांना महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि फरक पडला नाही. थुंकी तपासताना क्षयाच्या जंतूबरोबर या कृमीची अंडीही पाहिली, तर उपचार दोन-तीन दिवसांचा आहे. खेकडा पूर्ण शिजवला तर रोगच नाही. आपल्याकडच्या कालवणातला खेकडा चांगला उकळलेला असतो, म्हणून घाबरायचे कारण नाही.

सरकारी रुग्णालयात काम करताना मला हे रोज जाणवते. तापाच्या रोग्याची रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की, मलेरिया आहे एवढे सांगून भागत नाही. व्हायवॅक्स असेल तर यकृतात लपलेले जंतू मारायला प्रायमाक्विन चौदा दिवस, फाल्सिपेरम असेल तर औषधांची जोडीच वेगळी आणि उशीर झाला तर मेंदूपर्यंत धोका. फरक ओळखायचा तो पेशीचा आकार आणि जंतूची ठेवण यावरून. ज्या तंत्रज्ञाला हे डोळ्याने ओळखता येते, तो माझ्या लेखी रुग्णालयातला मोलाचा माणूस. कीटकतज्ज्ञांच्या बाबतीतही तेच. डासाची अळी हातात घेऊन ती कोणाची हे सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत. फवारणीचे यंत्र मिळते, ते कुठे फवारायचे हे सांगणारा मिळत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत हे शिकायला कुणी फारसे उत्सुक नसते, कारण त्यात ना पैसा ना प्रतिष्ठा.

अल्कॉक यांनी १९०२ मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांच्यासह बिनविषारी समजल्या जाणाऱ्या काही सापांच्या लाळेचा अभ्यास केला आणि तिच्यातही विषारी गुण असल्याचे दाखवले. अशा सापांपासून माणसाला सहसा धोका नसतो, पण विषारी आणि बिनविषारी ही वाटणी आपण समजतो तितकी सरळ नाही, हे त्यातून कळले. १९०६ मध्ये त्यांनी भारत सोडला. म्युझियम नेल्सन ॲनंडेल यांच्याकडे गेले. त्या संग्रहाच्या पायावरच १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था उभी राहिली. ‘इन्व्हेस्टिगेटर’वरचे नमुने आजही तिच्याकडे आहेत.

लंडनला गेल्यावर अल्कॉक पुन्हा डॉक्टरांमध्ये आले. डासातून हत्तीरोग पसरतो याचा पहिला धागा पकडणारे पॅट्रिक मॅन्सन तिथे उष्ण प्रदेशातल्या रोगांची शाळा चालवत होते. तिथे अल्कॉक डास, माश्या, पिसवा, उवा आणि गोचिडी शिकवू लागले. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी कीटकशास्त्राचे पाठ्यपुस्तक त्यांनी १९११ मध्ये लिहिले. भारतात आणि आफ्रिकेत नेमणुकीवर जाणारे तरुण डॉक्टर त्यांच्याकडून किड्याचे पाय मोजायला शिकून बोटीत बसत. १९१९ ते १९२४ ते तिथे वैद्यकीय प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. निवृत्तीनंतर मॅन्सन यांचे चरित्र लिहिण्यात, त्यांचे जावई फिलिप मॅन्सन-बार यांच्याबरोबर, त्यांचा हात होता. ते १९२७ मध्ये आले.

२४ मार्च १९३३ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी काही महिन्यांनी ‘मबाहिस’ हे इजिप्तचे जहाज अरबी समुद्राच्या संशोधनाला निघाले. त्याचे नेतृत्व सेमूर स्यूएल यांच्याकडे होते. तेही इंडियन मेडिकल सर्व्हिसचे आणि भारताच्या सागरी सर्वेक्षणावर पूर्वी सर्जन-नॅचरलिस्ट राहिलेले डॉक्टर. या मोहिमेतल्या कोळंब्यांचा अभ्यास रमादान या इजिप्शियन शास्त्रज्ञाने केला. त्यातल्या एका लाल कोळंबीला १९३८ मध्ये त्याने अरिस्टियस अल्कॉकी असे नाव दिले. केरळात कोल्लमजवळच्या शक्तिकुलंगरा बंदरावर खोल समुद्रात जाणारे ट्रॉलर आज ही कोळंबी आणतात. बाजारात तिला रेड रिंग म्हणतात, आणि ती निर्यात होते.